गिरगावातले खुले व्यासपीठ : मुंबई प्रार्थना समाजाची वाटचाल

गिरगावात ‘प्रार्थना समाज’ हे आज अनेकांना केवळ एका नाक्याचे नाव म्हणून ठाऊक आहे. बसच्या पाटीवर ते असते, टॅक्सीवाल्याला ते सांगितले जाते. ज्या संस्थेमुळे हे नाव पडले, तिच्या मंदिरात मूर्ती नाही, पुजारी नाही आणि आत येणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही. तिथे एक व्यासपीठ आहे. त्या व्यासपीठावरून आणि त्याच्याभोवती जे बोलले गेले, ज्यावर भांडणे झाली आणि ज्यातून शाळा, आश्रम, वसतिगृहे उभी राहिली, त्याचा हा इतिहास आहे. आपल्याहून वेगळ्या माणसाशी उघडपणे बोलावे, त्याच्या शेजारी बसावे, त्याच्या हातचे खावे या साध्या गोष्टींसाठी एका शहराला किती झगडावे लागले, तेही यातून कळते.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत धर्मावर जाहीर बोलणे नवे नव्हते. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ मध्ये मुंबईत आले आणि लवकरच त्यांचे हिंदू पंडितांशी जाहीर वाद सुरू झाले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकरांनी त्यांच्याशी वाद केला आणि ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक छापून स्वधर्माची बाजू मांडली. १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद करीत आणि ते ऐकायला लोकांची गर्दी जमे.

हे वाद जिंकण्यासाठी होते. समोरचा हरला पाहिजे, ही दोन्ही बाजूंची अट होती. त्यामागे भीतीही होती. १८३९ मध्ये विल्सन यांनी पारशी तरुणांना बाप्तिस्मा दिला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून मुंबईची ब्राह्मण वस्ती दुभंगली. बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाची बाजू घेतली आणि त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून खटपट केली, तेव्हा त्यांनाही विरोध सोसावा लागला. दुसऱ्याच्या घरी जेवलेला मुलगा आपला उरतो का, हा त्या काळचा प्रश्न होता. तो पुढची पन्नास वर्षे वेगवेगळ्या रूपांत या इतिहासात येत राहतो.

बंद दाराआड

या प्रश्नाला पहिले धीट उत्तर मिळाले ते गुप्तपणे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेला शिक्षक असताना, १८४४ मध्ये, त्यांनी दुर्गाराम मंछाराम मेहता आदी सहकाऱ्यांसह मानवधर्म सभा काढली. दादोबा मुंबईला परतल्यावर १८४९ मध्ये परमहंस सभा स्थापन झाली. तिचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर होते. ईश्वर एक आहे आणि माणसामाणसांत जातीने भेद करू नये, हे सभेचे सूत्र होते.

सभेत येणाऱ्याची कसोटी शब्दांनी लागत नसे. ख्रिस्ती माणसाने भाजलेली पावरोटी त्याला खावी लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. पुणे, अहमदनगर, रत्नागिरी अशा ठिकाणी सभेच्या शाखा निघाल्या. पण सगळे चोरून चाले. पुरेसे लोक जमल्याशिवाय उघड व्हायचे नाही, असे सभासदांनी ठरवले होते. ते उघड व्हायच्या आतच सभासदांची नावे बाहेर फुटली आणि १८६० च्या सुमारास सभा मोडली. जातीबाहेर टाकले जाण्याचे भय, घरच्यांचा रोष, मुलामुलींच्या लग्नांची अडचण अशा गोष्टींपुढे अनेकांचे धैर्य टिकले नाही.

तरी सभेतल्या काहींनी लेखणी उचलली. तुकाराम तात्या पडवळ यांनी ‘एक हिंदु’ या नावाने लिहिलेला ‘जातिभेद विवेकसार’ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये जोतीराव फुले यांनी काढली. बंद खोलीत सुरू झालेली चर्चा अशी छापील पानावर आली.

३१ मार्च १८६७

१८६४ मध्ये ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन मुंबईत आले. त्यांची व्याख्याने ऐकून परमहंस सभेच्या जुन्या मंडळींना पुन्हा उभारी आली. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग हे समाजाचे प्रमुख संस्थापक होते. वासुदेव बाबाजी नवरंगे, बाळ मंगेश वागळे, नारायण महादेव परमानंद ही मंडळी त्यांच्याबरोबर होती. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आत्माराम पुढे मुंबईचे शेरीफ झाले. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी दोघे भारतीय होते, त्यांतले एक तेच. १८७८ मध्ये विलायतेला जाण्यापूर्वी तरुण रवींद्रनाथ ठाकूर यांच्याच घरी काही काळ राहिले होते. वेगळ्या प्रांताचा, वेगळ्या भाषेचा पाहुणा घरात राहणे, हे त्या घराला सवयीचे होते.

नवी संस्था परमहंस सभेपासून दोन गोष्टी शिकली होती. एक, जे करायचे ते उघड करायचे. दुसरी, सभासदावर लगेच जात मोडण्याची सक्ती करायची नाही. जातिभेद, बालविवाह, विधवांची स्थिती, स्त्रीशिक्षण या प्रश्नांवर समाजाची मते स्पष्ट होती, पण सुरुवात धर्माच्या सुधारणेपासून आणि एकत्र उपासनेपासून व्हावी, असे ठरले. या दुसऱ्या निर्णयामुळे समाजाची दारे अधिक लोकांसाठी उघडली. त्याच निर्णयामुळे पुढे समाजावर सर्वांत तिखट टीकाही झाली.

१८६९ मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर समाजात आले आणि त्याच सुमारास महादेव गोविंद रानडेही. १८७२ मध्ये ब्राह्मसमाजाचे प्रतापचंद्र मजुमदार काही महिने मुंबईत राहिले आणि त्यांनी समाजाच्या कामाला वेग दिला. ४ मे १८७३ रोजी ‘सुबोध पत्रिका’ हे साप्ताहिक सुरू झाले आणि १८७४ मध्ये गिरगावात समाजाचे स्वतःचे मंदिर उभे राहिले. १८७६ मध्ये कामकरी लोकांसाठी रात्रीची शाळा निघाली.

समाजाने ब्राह्मसमाज हे नाव घेतले नाही. बंगालशी स्नेह होता, पण इथली माती वेगळी होती. इथे तुकाराम होते, नामदेव होते, एकनाथ होते.

उपासनेची भाषा

रविवारच्या उपासनेत संतांचे अभंग गायले जात आणि उपदेशासाठी त्यांतलेच एखादे वचन घेतले जाई. उपनिषदे, भगवद्गीता यांच्याबरोबर बायबल आणि इतर धर्मांतील विचारही व्यासपीठावर येत. भांडारकरांसारखा संस्कृतचा प्रकांड पंडित तुकोबांच्या अभंगावर मराठीत प्रवचन करतो, ही त्या काळी सामान्य घटना नव्हती. शास्त्र संस्कृतात आणि भक्ती मराठीत, अशी जी वाटणी शतकानुशतके चालत आली होती, ती या लहानशा मंदिरात पुसली जात होती.

रानड्यांनी या कामाचा इतिहासातला धागा दाखवून दिला. समाज हा परदेशातून आणलेला पंथ नाही, तो भागवत धर्माचाच पुढचा टप्पा आहे, असे त्यांनी आपल्या लेखांतून आणि व्याख्यानांतून मांडले. वारकरी संतांमध्ये शिंपी, कुंभार, माळी, महार अशा सर्व जातींचे संत होते, आणि मराठ्यांच्या उदयामागे या संतांच्या कार्याचा मोठा वाटा होता, हे त्यांचे आग्रहाचे प्रतिपादन होते. शेजारच्या गुजरातेतही हा विचार पोचला. १८७१ मध्ये अहमदाबादला भोळानाथ साराभाई आणि महीपतराम रूपराम नीलकंठ यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज निघाला. आंध्रात राजमहेंद्री येथे कंदुकुरी वीरेशलिंगम् यांनी १८७८ मध्ये याच नावाची संस्था काढली.

तीन बाजूंनी टीका

उघड बोलणाऱ्या संस्थेला उघड टीका ऐकावीच लागते. समाजाला ती तीन दिशांनी आली.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांना समाजात स्वधर्माविषयीचा न्यूनगंड दिसला आणि ‘निबंधमाले’तून त्यांनी सुधारकांची कठोर हजेरी घेतली. मूळचे चित्पावन ब्राह्मण असलेले आणि पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झालेले नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे यांच्या मते एका ग्रंथाचा आणि एका तारकाचा आधार नसलेला हा ईश्वरवाद टिकणारा नव्हता. तिसरी टीका फुल्यांची होती, आणि तीच सर्वांत खोल गेली. फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांनी ब्राह्म आणि प्रार्थना समाजांना धारेवर धरले. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाशी या शिकलेल्या मंडळींचा संबंध काय, असा त्यांचा रोख होता.

या टीकेत तथ्य होते. समाजाचे पुढारी बहुतेक उच्चवर्णीय होते, शिकलेले होते, सरकारी नोकरीत किंवा वकिली-डॉक्टरीत होते. मंदिराचे दार सर्वांना खुले असले, तरी गिरणगावातला कामगार किंवा महारवाड्यातला माणूस रविवारी आपण होऊन तिथे येणार नव्हता. १८७५ मध्ये स्वामी दयानंद सरस्वतींच्या पुण्यातील मिरवणुकीत रानडे आणि फुले एकत्र चालले, इतके ऐक्य होते. त्यापलीकडची दरी बरीच रुंद होती.

स्त्रियांचा प्रवेश

याच काळात व्यासपीठावर एक नवा आवाज आला. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्याला आल्या. कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली होती. ब्राह्मणेतर बंगाली पतीशी त्यांचा विवाह झाला होता आणि लवकरच त्या विधवा झाल्या होत्या. रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक या समाजाच्या मंडळींनी त्यांचे स्वागत केले आणि त्याच वर्षी आर्य महिला समाज स्थापन झाला. स्त्रियांनी घराबाहेर एकत्र जमून स्त्रीचेच बोलणे ऐकावे, हे पुण्या-मुंबईत कुणी पाहिले नव्हते. त्या सभांना जाणाऱ्या रमाबाई रानडे यांना घरातल्या बायकांकडून काय काय ऐकावे लागले, ते त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये परत येऊन त्यांनी ११ मार्चला मुंबईत शारदा सदन उघडले. सदनात विधवांना शिक्षण मिळणार होते आणि कोणावरही धर्माची सक्ती होणार नव्हती. रमाबाईंनी धर्म बदलला, तरी रानडे आणि भांडारकर त्यांच्या सल्लागार मंडळात होते. धर्माची सीमा ओलांडून गेलेल्या स्त्रीशी मैत्री आणि काम दोन्ही चालू ठेवायचे, असा तो निर्णय होता आणि त्याला त्या काळी धैर्य लागत होते. ते चार वर्षे टिकले. सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ‘केसरी’ने त्यावर झोड उठवली आणि १८९३ मध्ये सल्लागार मंडळ बाहेर पडले. रमाबाईंच्या मते मुलींसाठी दार उघडे ठेवले होते, ढकलले कोणाला नव्हते. सल्लागारांच्या मते आईबापांना दिलेले वचन मोडले होते. दोन्ही बाजूंना स्वातंत्र्य हवे होते. ते कोणाचे, मुलींचे की घरच्यांचे, यावर त्यांची वाट वेगळी झाली.

पंचहौदचा चहा

याच वर्षांतली दुसरी घटना पुण्याची. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर जमलेल्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता हाती धरला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. त्यांत रानडे होते आणि टिळकही. प्रकरण शंकराचार्यांकडे गेले, चौकशी झाली, वर्षभर पुणे ढवळून निघाले. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. स्नेह्यांची आणि त्यांच्या कुटुंबांची अडचण दूर व्हावी, हा त्यांचा हेतू होता. सुधारकांच्या तरुण पिढीला मात्र तो धक्का होता.

१८४९ मध्ये परमहंस सभेत पावरोटी खाल्ली जात होती, पण कुलूप लावून. एक्केचाळीस वर्षांनी चहा दिवसाढवळ्या घेतला गेला आणि प्रायश्चित्तही दिवसाढवळ्या झाले. पुण्यातल्या घराघरांत अन्नाचा प्रश्न उघड चर्चेला आला, वर्तमानपत्रांत छापला गेला, त्यावर दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. दरम्यान १८९१ मध्ये भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. याच रानड्यांनी १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे नमून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले होते, हेही नोंदवले पाहिजे. समाजाचा इतिहास असा कधी पुढे, कधी मागे, माणसांच्या बळावर आणि त्यांच्या दुबळेपणावर चालला.

विठ्ठल रामजी शिंदे

१८९५-९६ मध्ये अमेरिकेतील युनिटेरियन धर्मोपदेशक जे. टी. संडरलंड भारतात आले. त्यांच्या प्रयत्नांतून भारतीय तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशिक्षण घेण्यासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. प्रार्थना समाजाच्या वतीने ती जमखंडीच्या विठ्ठल रामजी शिंदे यांना मिळाली. १९०१ ते १९०३ या काळात शिंद्यांनी तिथे धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. परतताना, सप्टेंबर १९०३ मध्ये, ते ॲमस्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेला हजर राहिले. मायदेशी आल्यावर ते मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

शिंद्यांनी व्यासपीठाची दिशा बदलली. लोकांनी गिरगावात यावे, याची वाट न पाहता ते स्वतः लोकांकडे गेले. अस्पृश्यांच्या वस्त्या पाहत, त्यांच्या घरी राहत, त्यांच्या शाळा-पाण्याचे हाल मोजत त्यांनी प्रवास केला. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला पहिली शाळा उघडली आणि भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी, म्हणजेच डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू झाले. त्याचे अध्यक्ष न्या. नारायण चंदावरकर होते. तेच १९०१ पासून समाजाचेही अध्यक्ष होते. शिंद्यांची बहीण जनाबाई मिशनच्या कामात उतरल्या. पुढे शाळा, वसतिगृहे आणि पुण्याचा अहिल्याश्रम उभे राहिले.

समाजातल्या सर्वांना हा वेग मानवला नाही. मतभेद वाढले आणि १९१० मध्ये शिंद्यांनी समाजाचे प्रचारकपद सोडले. मिशन मात्र वाढत राहिले. १९१२ मध्ये मुंबईत आर्यन ब्रदरहुडतर्फे निरनिराळ्या जातींचे लोक जाहीरपणे एका पंक्तीला बसले, तेव्हा त्या चळवळीत चंदावरकर पुढे होते. अनेकांवर त्यांच्या जातींनी बहिष्कार टाकला. परमहंस सभेला जे लपवावे लागले, ते आता वर्तमानपत्रात नावासकट छापून आले.

मार्च १९१८ मध्ये मुंबईत अस्पृश्यतानिवारण परिषद झाली. सयाजीराव गायकवाड तिचे अध्यक्ष होते. लोकमान्य टिळकांनी तिथे भाषण केले आणि देवाला अस्पृश्यता चालत असेल तर अशा देवाला आपण मानणार नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. वैयक्तिक आचरणात अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर मात्र त्यांनी सही केली नाही. एका सभेत टाळ्या मिळवणारा विचार घराच्या उंबऱ्यावर कसा अडतो, हे त्या दिवशी हजारोंच्या साक्षीने दिसले. व्यासपीठाची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही त्या परिषदेत एकाच वेळी उघड झाल्या.

कोणाचे बोलणे

मे १९२० मध्ये नागपूरला छत्रपती शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अस्पृश्यांचे प्रतिनिधी इतरांनी निवडावेत, या मिशनच्या बाजूने आलेल्या कल्पनेला तरुण डॉ. आंबेडकरांनी तिथे कडाडून विरोध केला आणि परिषदेने त्यांची बाजू घेतली. चार वर्षांनी, २० जुलै १९२४ रोजी, परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अठरा वर्षांपूर्वी परळलाच मिशनची पहिली शाळा उघडली होती.

समाजाच्या इतिहासातले हे सर्वांत मोलाचे वळण आहे. तोवर सीमा ओलांडण्याची चर्चा बहुतेक एका बाजूने चालत होती. वरच्या बाजूची माणसे बोलत होती, कळवळ्याने आणि प्रामाणिकपणे, पण आपल्या जागेवरून. नागपूरला दुसऱ्या बाजूने उत्तर आले आणि त्या उत्तराने चर्चेच्या अटी बदलल्या. शिंद्यांनीही आपले काम थांबवले नाही. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथ या विषयाचा पायाभूत अभ्यास मानला जातो.

आजचे काम

प्रार्थना समाजाची सभासदसंख्या कधीच मोठी नव्हती. सर्व विधी समाजाच्या पद्धतीने करणारे अनुष्ठानिक सभासद तर त्याहूनही थोडे. पण समाजाने आणि त्याच्या माणसांनी काढलेल्या संस्था टिकल्या. पंढरपूरला १८७५ मध्ये लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने, टाकून दिलेल्या अर्भकांना वाचवण्यासाठी काम सुरू झाले. ते आज वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखले जाते. विलेपार्ल्याचा डी. एन. सिरूर बालकाश्रम आणि गिरगावातले राममोहन विद्यालय ही समाजाच्याच कामाची अंगे आहेत. आर्य महिला समाजाने मुंबईत स्त्रियांसाठी स्वतंत्र काम उभे केले.

समाजाचा पहिला सविस्तर इतिहास द्वारकानाथ गोविंद वैद्य यांनी १९२७ मध्ये लिहिला. ‘सुबोध पत्रिके’च्या संपादनात त्यांनी दीर्घ काळ घालवला होता, म्हणून त्यात व्यासपीठावरची भाषणे आणि पडद्यामागचे मतभेद दोन्ही आले आहेत. त्यानंतरचा काळ तितक्याच बारकाईने लिहिला जायला हवा. त्यात गिरगावातल्या पुढाऱ्यांबरोबर रात्रशाळेत येणारे कामगार, मिशनच्या वसतिगृहांतली मुले आणि आर्य महिला समाजाच्या बैठकींना घरचा विरोध पत्करून येणाऱ्या बायका यांना जागा मिळाली पाहिजे. त्यांची नावे वार्षिक अहवालांत, शाळांच्या पटांवर आणि पत्रिकेच्या जुन्या अंकांत शोधावी लागतील, आणि समाजाच्या पुढच्या इतिहासकाराने आपल्या कामाला तिथूनच सुरुवात करावी.